पावाला येणारा वास

पिको बेटावर नोव्हेंबर लागला
की पहाटे चारला पावाची गाडी हळू हाकायची,
हे देओलिंदाला तिच्या बापाने शिकवलं
ब्रेक कुठे असतो ते सांगण्याच्याही आधी.

आज बंदराच्या वळणावर, दिव्याच्या खांबाखाली
रस्त्याच्या मधोमध काहीतरी राखाडी.
आधी वाटलं, कुणाचा मोजा.
मग मोज्याने मान वर केली.

कागार्रूचं पिल्लू.
कड्यातल्या बिळात आईबापांनी भरवून भरवून
स्वतःहून जड केलेलं,
आणि मग एका रात्री दोघंही आली नाहीत.
उपाशी बसून बसून ते हलकं झालं
पंख पेलतील इतकं,
आणि निघालं समुद्राकडे.
वाट पुसली ती नेमकी नगरपालिकेच्या दिव्याला.

हेडलाइट बंद करून, टॉवेल घेऊन ती उकिडवी बसली.
"ये गं बाई," म्हणाली, "की बाबा आहेस?"
उत्तरादाखल त्याने अंगठा फोडला
आणि पोटातलं होतं नव्हतं ते तेल तिच्या ॲप्रनवर.
मानेवर अजून जावळ,
चोच मात्र पुरती वयात आलेली.

खोका होता, बहिणीने कॅनडाहून जुने कपडे पाठवलेला.
पाव कापायच्या सुरीने त्याला भोकं पाडली.
मग दोनशे पाव आणि एक पिल्लू
काळ्या दगडांच्या कुंपणांमधून दारोदार.
आतली खुडबुड थांबली की हिचा जीव खालीवर,
सुरू झाली की,
गप बस ना मेल्या.

उजाडलं. खडकावर खोका आडवा केला.
हवेत भिरकावायचं नसतं, हाकलायचं नसतं,
नुसतं थांबायचं.
ते बाहेर आलं, पाण्याकडे पाहिलं,
परत खोक्यात गेलं.
देओलिंदाने घड्याळ पाहिलं. शाळेचे पाव राहिले होते.

दुसऱ्यांदा बाहेर आलं तेव्हा
ती नेमकी अंगठ्याचं रक्त चोखत होती.
मान वर केली तर खडक रिकामा,
आणि लाटांच्या जराशी वर एक रेघ,
तीही असेल किंवा नसेल.

पाव उशिरा पोचले. गार.
शेवटच्या घरी दोना फिरमीनाने
दारातच पाव नाकाशी धरला.
मासळीच्या तेलाचा वास.
देओलिंदा माफी मागायला तोंड उघडणार
तोच म्हातारी म्हणाली, "किती?"
"एकच."
"माझ्या अंगणात काल दोन होती,"
आणि पावाचा कोपरा मोडून तोंडात टाकत
ती आत गेली.