एक ऊन पन्नास

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही.
सिडकोनं बांधली तेव्हा
चार मजल्यांना लिफ्ट कशाला, असं कुणीतरी म्हणालं असेल.
बरंच झालं.
एका जिन्याला आठ पायऱ्या, मजल्याला दोन जिने.
आठाचा पाढा आमच्याकडे भिंतीवर चिकटवलेला नाही,
पायांखाली आहे.

कणाद दुधाची पिशवी घेऊन वर येतो
आणि वळणावळणावर ओरडतो.
सोळाला गद्र्यांचं दार,
बत्तीसला तो बंद फ्लॅट,
अठ्ठेचाळीसला कुणाचातरी कुकर,
आठ आठी चौसष्ट – आणि आमची बेल.
पुढे बहात्तरला जाळी आहे, जाळीला कुलूप,
किल्ली सेक्रेटरीकडे.
त्यामुळे आठ दाहे ऐंशी
त्यानं अजून पाहिलेले नाहीत.

सातासाठी मात्र नेरुळात काहीच सापडत नाही.
वार घेऊन बघितले.
पण घरीच शिकणाऱ्याला वार कसले?
बाबा दुपारी झोपलेला दिसला की रविवार,
बाकी सगळे सारखेच.

ओट्याशी मी मेथी निवडत होते.
सात साती?
चाळीस… नऊ.
एकोणपन्नास म्हणायचं.
का?
एक ऊन पन्नास. पन्नासाला एक कमी.
ऊन म्हणजे कमी?
हो. जुना शब्द आहे.
त्यानं गॅलरीकडे पाहिलं.
चटईवर, कुंड्यांवर, वाळत घातलेल्या पापडांवर
मार्चचं दोन वाजताचं नुसतं ओतलेलं.
मग ह्याला ऊन का म्हणतात?
हे तर खूप आहे.

मी काड्या एकीकडे केल्या, पानं एकीकडे.

कळव्याच्या शाळेत आम्ही चाळीस मुली होतो.
सुटायच्या आधी रोज, हाताची घडी घालून,
बे ते तीस एका सुरात.
सात आठी जवळ आलं की मी आवाज बारीक करायचे,
नुसते ओठ.
चाळीसजणींत माझं चुकलेलं
बाईंना कधी ऐकू गेलं नाही.
मलाही नाही.

दुसरीतून त्याचा दाखला काढला
तेव्हा पुष्कळ गोष्टींचा विचार केला होता आम्ही.
हा नव्हता केला:
की घरात एकच आवाज असेल.
त्याच्या चुकीला मागे लपायला कुणी नाही,
आणि विचारणारीच्या चुकीलाही.

शनिवारी दिवाळ्याच्या बाजारात गेलो.
नणंद जेवायला येणार होती –
जेवण झालं की पाढे विचारणारी.
चांगुणाबाईंनी बोंबलांचे वाटे मांडलेले,
वाट्याला सात.
सहा द्या, मी म्हटलं,
आणि त्याच्याकडे पाहिलं.
सात सक बेचाळीस, तो म्हणाला,
न अडखळता,
माशांकडे बघत, माझ्याकडे नाही.
मला तिथंच खाली बसावंसं वाटलं.
तेवढ्यात बाईंनी आणखी एक उचलून पिशवीत टाकला.
त्रेचाळीस झाले! तो ओरडला.
झालं तर झालं. वरचा मोजाचा नाय, पोरा.
पण मग पाढा मोडला ना.
बाजूच्या दोघी हसल्या.
तो नाही हसला.
घरी येईपर्यंत पिशवी उघडून
तो एक कुठला ते शोधत होता.

नणंदेनं विचारलंच.
त्यानं सात सकपर्यंत म्हटला
आणि पुढं म्हणाला, आणि वर एक.
ती माझ्याकडे बघत राहिली.
मी तिला अजून एक बोंबील वाढला.

रात्री दिवा गेल्यावर
अंधारात त्याचं चाललेलं.
सात साती एक ऊन पन्नास.
मग थांबला.
आई, सात आठी?
मी चादरीखाली बोटं उघडली.
पन्नास, एक्कावन्न, बावन्न…
विसरलीस?
नाही रे.
मग?
थांब ना, म्हटलं.
जिन्यानं येतेय.