पन्हा

ऑटोमोटिव्ह चौकाच्या अलीकडे, कामठी रोडवर,
वासुदेव हेडाऊ माझ्या गाडीपुढे उकिडवे बसतात
आणि चाकाच्या कमानीत हात घालून पाहतात.
वीत मावत नाही. चार बोटं, जेमतेम.
"पन्हा वाढवाचा म्हणता, मॅडम?"
टायरची रुंदी ते पन्ह्यातच मोजतात.
गोळीबार चौकात त्यांच्या घरी अजून एक माग आहे,
त्यावर आता पाण्याचे कॅन ठेवतात.

गाडी दोन सीटची. निळी.
माझ्याआधी दोघांनी चालवलेली.
भविष्य निर्वाह निधी काढून
लोक फ्लॅट घेतात, मुलीचं लग्न करतात.
अर्जावर कारण लिहायचं असतं.
मी लिहिलं, वाहन. त्यात खोटं काहीच नाही.
सिव्हिल लाइन्सच्या ऑफिसात बत्तीस वर्षं
मी इतरांच्या खर्चाची कारणं तपासली,
माझं कोणी तपासलं नाही.

एकशे पंच्याण्णवचे टायर उतरले,
दोनशे पंचवीसचे चढले.
हेडाऊ सांगतात, काटा ऐंशी दाखवेल
तेव्हा गाडी एक्याऐंशीवर असेल.
एक किलोमीटर, कुठेच नोंद नसलेला.
हातात पेन होतं. मी लिहून घेतलं नाही.

मे महिना. सेहेचाळीस.
कूलरच्या टाकीत पाणी ओतणारा मुनेश्वर
बोनेटला हात लावतो आणि झटकतो.
नव्या टायरवर रबराचे बारीक केस,
जावळासारखे, अजून रस्त्यानं न काढलेले.
मी एक चक्कर मारून येते.
डावा कट, उजवा कट, फुल.
कुठे आवाज नाही.
स्टेअरिंग जरा जड झालंय;
आधी जिथे गाडी निसटल्यासारखी व्हायची
तिथे आता मऊ डांबर धरून वळते.

"आता डबल सीट पाहू," हेडाऊ म्हणतात
आणि पोराला आत बसवतात.
त्याचं वजन ते किती, पन्नास किलो, ओल्या पायांसकट.
पहिल्याच वळणाला, मागून, डावीकडून,
खर्रर्र.
उतरून हेडाऊ वाकून बघतात.
टायरच्या खांद्यावर एक ताजी रेघ.
"एकट्यानं नाही घासत. बाजूला माणूस बसला का घासून राहिलं."
मग कपड्यानं हात पुसत,
"बसते का तुमच्या बाजूला कोणी?"

हा प्रश्न मला पुष्कळदा विचारला गेलाय,
लग्नाच्या पंगतीत, मठ्ठा वाढता वाढता,
उत्तर ठाऊक असलेल्या आवाजात.
टायरमुळे कोणी विचारला नव्हता.
यांना खरंच उत्तर हवं होतं.
हो म्हटलं तर पत्रा वळवावा लागेल,
नाही म्हटलं तर माझे तीन हजार वाचतील.

"नाही," मी म्हणाले.
ते पाना डब्यात टाकायला वळले.
"पण वळवा."

पत्रा उन्हानं तापलेलाच होता,
तरी हीट गननं आणखी तापवतात,
नाहीतर रंग तडकतो.
कमानीच्या आतल्या काठावरून रोलर
इकडून तिकडे, तिकडून इकडे.
हेडाऊ बोलत नाहीत. ओठ हलतात, फेरे मोजत असावेत.
काठ आत आत दबत जातो,
भरल्या बाकावर कोणी
न सांगता थोडं सरकून बसावं तसा.
एका जागी रंग उललाच, नखाएवढा.
त्यांनी जीभ चावली.
"राहू द्या," मी म्हटलं, आणि मला राहू द्यायचाच होता.

मुनेश्वर पुन्हा बसतो, या खेपेला चपला काढून,
त्या मांडीवर घेऊन.
कोराडीच्या बाजूला रस्ता मोकळा.
डावा कट. काही नाही.
खड्डा. काही नाही.
तो एक हात खिडकीबाहेर काढतो,
गरम वारा मुठीत धरतो, सोडतो.
"केवढ्यानं पळून राहिली, मॅडम?"
"एक्याऐंशी."
तो माझ्याकडे वाकून काटा बघतो.
"ऐंशी हाय न."