नळाची वही

मुकुल म्हणाला, एकच फोटो निवड,
वर्षश्राद्धाच्या आत फ्रेम व्हायला हवी,
जेल रोडवरचा माणूस चार दिवस मागतो.
शेवेचा जुना डबा माझ्यापुढे सरकवून
तो गुरुजींना फोन करायला गच्चीवर गेला.

फोटोंना अजून लवंगेचा वास.
कोपरे तेलकट.
अच्युतमामा जवळजवळ सगळ्यांत आहे
आणि धड कशातच नाही:
मुंजीत मांडवाच्या खांबामागे अर्धा,
राजवाड्यासमोर नेमके डोळे मिटलेला,
माझ्या लग्नात पंगतीच्या टोकाला वाकून
वाढतोय की सांडलेलं पुसतोय, कळत नाही.
सरळ समोर बघतो तो फक्त
विद्युत मंडळाच्या ओळखपत्रावर,
तिथे खांद्यावर गोल शिक्का बसलाय.

मागे पेन्सिलीने अक्षर.
डावीकडून बापू, शरयू, मी, पाहुणे.
कुमुद. ऊन फार होतं.
हा कोण, विचारायचं.
कुणाला विचारायचं होतं,
ते आता मी कुणाला विचारू?

मग वह्या. एलआयसीच्या डायऱ्या, एकतीस.
दार लोटून बसले.
वाटलं, दिवसभर लोकांच्या घरचे मीटर वाचणारा माणूस
रात्री स्वतःचा आकडा कुठेतरी टिपत असेल.

नळ ५.४० ते ६.२५. बादल्या चौदा, पिंप अर्धं.
नळ नाही. हापशावर गेलो.
नळ येऊन राहिला, पण धार बारीक.
नर्मदा आली! लोकं रस्त्यात नाचून राहिले. पाणी गढूळ. तुरटी.
मुलगा झाला. नळ पाऊण तास. पेढे दोन किलो.
कर्फ्यू. नळ वेळेवर.

पुण्यात हसले असते या मराठीला.
मीही हसले असते,
तिकडे शिकून घेतलेलं ते हसू.
इथे फरशीवर बसून
"येऊन राहिला" दोनदा मोठ्यानं वाचलं.
आला नाही, येतो नाही,
येऊन राहिला.

मग नोव्हेंबरातलं एक पान.
कुमुदमामी एमवायमध्ये गेली, ती तारीख मला पाठ आहे.

नळ आला.
भरलं नाही.

पुढची नऊ पानं कोरी.
मुकुल तेव्हा भोपाळला शिकत होता,
दिवस झाल्यावर परत गेला असेल.
दहाव्या पानावर: ५.५०. बादल्या सात.
मी पानं उलटत गेले.
डायरी बदलली, पेन बदललं,
सात. सात. सात.

श्राद्धाला गुरुजींनी नाव विचारलं, गोत्र विचारलं.
मुकुलनं अंगठ्यावरून पाणी सोडलं,
तीळ तळव्याला चिकटून बसले.
मंत्रांकडे माझं लक्ष नव्हतं.
किती ओंजळींची होते एक बादली?

फ्रेममध्ये शेवटी ओळखपत्रावरचाच फोटो.
मोठा केला तसा शिक्काही मोठा झाला,
खांद्यावर नुसतं "मध्य" उरलं,
प्रदेश कडेबाहेर.
मुकुल म्हणाला, कॉम्प्युटरवर पुसून देतात गं.
म्हटलं, राहू दे.

निघायच्या दिवशी पहाटेच जाग आली.
शेवटच्या डायरीत मार्चनंतरची पानं तशीच होती.
छापलेली तारीख खोडून आजची घातली.
लिहिलं, नळ.
आणि स्वयंपाकघरात जाऊन मुकुलच्या बायकोला विचारलं,
अगं, पाणी किती वाजता येतं?

चहा गाळता गाळता ती म्हणाली,
काय माहीत ताई.
मोटर आपोआप सुरू होते,
टाकी भरलेलीच असते.

पेन्सिल हातात तशीच.
भिंतीआड, पाईपमधून,
काहीतरी वर चढून राहिलं होतं.
मी घड्याळ शोधू लागले.