जामीन

मिनीॲपोलिसच्या बिनव्याजी कर्जवहीत
फ्रूमा लिपकिंडच्या आजोबांचं अक्षर
उजवीकडून डावीकडे चालत येतं:
कोळसा. शिलाईचं मशीन. एक घोडा.
घोडा मेला, तरी फेडलं.

हिबाकला हवी होती सांबुसे तळायची मोठी कढई
आणि तीन महिन्यांचं भाडं.
जामिनाच्या दोन्ही ओळी रिकाम्या.
"आधी आपली माणसं," खजिनदार म्हणाला.
फ्रूमानं एका ओळीवर स्वतःचं नाव लिहिलं,
दुसरीवर, बराच वेळ कुरकुरून, त्यानं.

दूरच्या त्या युद्धाबद्दल
दोघींचं एकमत होणार नाही.
एकदा फ्रूमा काही बोलून गेली,
हिबाक चहा तसाच टाकून उठली.
गुरुवारी मात्र हप्ता आला,
चुरगळलेल्या नोटा, तेलाच्या वासाच्या.

नोव्हेंबरात कुणीतरी कचेरीची काच फोडली.
सकाळी हिबाकचा नवरा चौकट मोजत होता,
उणे अकरा,
हातमोजे तोंडात धरून.

काचेचे पैसे देऊ, हिबाक म्हणते.
नको, फ्रूमा म्हणते.
मग वाद.
शेवटी वही उघडते:
कर्जदार, आम्ही.
जामिनाच्या ओळीवर हिबाक
मदरशात गिरवलेल्या अक्षरांत सही करते,
तीही उजवीकडून.

"व्याज घेणार नाही हं," हिबाक बजावते.
फ्रूमा चष्मा पुसते.
"ठाऊक आहे."