दहा लिटरचा कॅन

ऐरोली, सेक्टर आठ. पहाटेचे पावणेपाच.
स्टिल्टखालची ट्यूबलाइट डुलक्या घेतेय
आणि मी डिकी उघडून उभी,
ओढणी कमरेला गच्च.

अर्धी डिकी तशी आमची नाहीच.
ती सीएनजीच्या टाकीची.
पाच वर्षं झाली, भाडं नाही, डिपॉझिट नाही,
आडवी बसलीय ढिम्म.
उरलेल्या अर्ध्यात बसवायच्यात
भंडारदऱ्याच्या दोन रात्री.

तुर्भ्याच्या गोदामात सतरा वर्षं
औषधांचे खोके रचतेय मी.
जड तळाला, काच मधोमध,
जे आधी लागणार ते शेवटी भरायचं.
आणि रिकामी जागा कधी रिकामी नसते,
कुणी मागितलेली नसते, इतकंच.

हेरंब तंबू घेऊन सगळ्यात पुढे.
त्याला परत पाठवला.
पोचल्यावर पहिलं काय काढणार?
तंबू.
मग तो शेवटी.
तो तंबूला मिठी मारून उभा राहिला,
जसा कुणाच्या तरी लग्नात
आहेर हातात घेऊन उभा राहतो.

कुकरात तांदूळ, तांदळात सहा अंडी,
चहाच्या किटलीत तिखटमिठाच्या पुड्या.
बुटांत मोजे, मोज्यांत टॉर्च.
कांदे-बटाटे स्टेपनीच्या खोबणीत.
गोधड्या टाकीच्या पाठीवरून
घसरगुंडीसारख्या सोडल्या
आणि फटीफटीत टॉवेल कोंबले
ओल्या भिंतीत लांबी भरावी तसे.
चटई निषादच्या मांडीवर.
"मीच का?"
तू चौकोनी बसतोस म्हणून.

गजभिये वॉचमन टॉर्च घेऊन आले.
डिकीत वाकून बघितलं बराच वेळ.
"दोन रात्रींसाठी, मॅडम?
एवढ्यात तं आमच्याकडे बारसं होऊन जाते."

मग राहिला कॅन.
निळा, बुटका, दहा लिटरचा.
त्याची मला काळजी नव्हती, त्याची जागा ठरलेली:
मागे डावीकडे, शाल्मलीच्या पायांखाली.
माळशेजला तो तिथेच होता, ताम्हिणीलाही,
वर तिचे पाय लोंबकळत
आणि घाटभर तिच्या टाचांचा ठेका,
डबडब, डबडब,
हेरंब ओरडायचा तरी.

मधले दोन डिसेंबर आम्ही कुठेच गेलो नाही.

आज कॅन सरकवला तर अडला.
तिरका केला. उलटा केला.
वाटलं, चप्पल आलीय मध्ये.
टॉर्च मारला.
दोन पाय होते.
मोज्याला अंगठ्याशी भोक,
मॅटवर सपाट टेकलेले, झोपेत,
जणू कायमचे तिथेच होते.

जूनमध्ये बूट मीच घेतले होते, चार नंबर,
"एक नंबर वाढवूनच द्या" असंही मीच म्हणाले.
पण ते डिकीच्या हिशोबातून वजा होणार
हे पावतीवर कुठे लिहितात?

"आई, पाय वर घेऊ?"
डोळे न उघडताच तिने गुडघे हनुवटीला लावले,
तर ते पुढच्या सीटच्या पाठीत रुतले.
नको. ठेव खाली.
"बसेल ना सगळं?"
बसेल.

तंबू शेवटचा चढला.
त्याचा एक कोपरा पिशवीबाहेर, जिभेसारखा.
डिकी दुसऱ्या धक्क्याला लागली.
गजभियेंनी टाळी वाजवली, एकच.

कॅन मी पुढे घेतला.
माझ्या पायांखाली मावला कसाबसा,
म्हणजे तो मावला, मी नाही.
गुडघे डॅशबोर्डला,
चपला हातात, पाय त्याच्यावर.

विटाव्याच्या पुलाखाली गाडी आदळली
आणि पाणी आतल्या आत हललं, टाचांना कळेल इतकं.
मागे दोघं गाढ.
मी एक टाच उचलली,
आपटली हळूच.
मग दुसरी.

"काय गं?" हेरंब म्हणाला.
काही नाही, मी म्हटलं,
काडेपेटी राहिली.