केसभर ढील

शाळेतनं फोन आला की मशीन बंद करतो मी.
चक पुरता थांबेपर्यंत थांबतो.
फिरत्या चकाला हात लावायचा नसतो,
एवढं तरी उद्यमबागेनं शिकवलंय मला.

आज कंपासनं टोचलंय कुणाला.
मागल्या मंगळवारी खिडकीची काच.
त्याच्या आधी हलगेकर बाईंच्या मनगटाला चावला,
तर त्या माउलीच फोनवर म्हणाल्या,
"घाई करून येऊ नका हो, गेट पडलं असेल."

भरमू माझा. आज्ज्याचं नाव.
आज्जाही म्हणे असाच होता, खरं त्या काळात
असल्या पोराला म्हशींच्या मागं रानात सोडत
आणि म्हशी काय तक्रार लिहून पाठवत न्हवत्या.
आता वह्या भरल्यात शेऱ्यांनी.
वर्तन म्हणतात ह्याला मराठीत, कन्नडमध्ये वर्तने.
एका मात्रेचा फरक.
आमच्या घरापुरती सीमा तेवढीच.

येताना तिसऱ्या गेटाशी थांबतो आम्ही.
वरनं पूल झाला, खरं ह्याला खालीच थांबायचं असतं.
मालगाडी येते. हा डबे मोजतो,
ओठ न हलवता.
अठ्ठावन्न.
तेवढ्या डब्यांपुरता
बेळगावातला सगळ्यात शांत पोरगा
माझ्या गाडीच्या टाकीवर बसलेला असतो.

नऊ वर्षांचा आहे. त्याची मूठ
माझ्या मुठीत मावते अजून.
ह्या मुठीची भीती न्हाई मला.
तिशीतल्या मुठीची आहे.
नऊ वर्षांच्या पोरानं आरोळी ठोकली
तर लोक त्याच्या आईकडं बघतात.
तिशीतल्या गड्यानं ठोकली
तर काठी शोधतात.

शेजारच्या गंगव्वा म्हणतात, "सरी आगतान बिडरी."
आमची माणसं म्हणतात, होईल सरळ.
सरळ व्हायला तो काय रॉड आहे?

डॉक्टर-इंजिनिअर न्हाई मागत मी.
तिशीत त्याच्याकडं एक किल्ली असावी, स्वतःच्या खोलीची,
आणि ती हरवली तर दार फोडायच्या आधी
लावावा असा एक नंबर,
माझा नसलेला.
नाक्यावर एक चहावाला असावा,
ह्याचा कप काठोकाठ भरायचा न्हाई हे ठाऊक असणारा,
नवीन गिऱ्हाइकाला हळूच सांगणारा,
"ते बाकडं सोडा, ती त्याची जागा."
एखादा दोस्त. कुठल्या का भाषेत शिव्या देईना.
भांडण झालं तर भांडणच व्हावं,
केस होऊ नये.
आणि जमलं तर कुणीतरी त्याची वाट बघणारं,
हे मात्र बायकोलाही मोठ्यानं बोललो न्हाई अजून.

मी स्पूल करतो, हायड्रॉलिकचे.
नवीन पोरं विचारतात,
इतकं घासून नीट बसवायचं तर
फट कशाला ठेवायची, अण्णा?
म्हटलं, अंगाबरोबर केलास
तर गरम झाल्यावर फुगतंय की ते.
धरतंय मग. जाम.
मग हातोडी मारा, न्हाईतर भंगारात टाका.
केसभर ढील पायजे. तेल जाईल एवढी.
चूक कुणाचीच नसते त्यात, ना स्पूलची, ना बॉडीची.
ह्यापलीकडं मला काय सांगता येत न्हाई,
शाळेत बोलवतात तेव्हा हेच सांगावंसं वाटतं
आणि मी नुसता सही करून येतो.

आज गेटावर गाडी नव्हती. तरी थांबलो.
घरी आल्यावर त्यानं कंपास माझ्यापुढं धरला.
"तुझ्याकडं ठेव.
उद्या मागितला तर लगेच देऊ नको.
मोजायला लाव मला."
किती, म्हटलं.
तो विचार करत राहिला बराच वेळ,
बुटाची नाडी सोडत, परत बांधत.
"बघू," म्हणाला.

कंपास वरच्या फळीवर ठेवलाय.
माझ्या व्हर्निअरशेजारी.