चार मिनिटं बारा सेकंद

त्या माणसाला ठसका लागत नाही.
त्याचा खडू मोडत नाही, कारण खडूच नाही;
काळ्या पडद्यावर पिवळी रेघ आपोआप उमटते
आणि हात कुठं दिसतच नाही.
त्याला कुणी विचारत नाही, पाणी पिऊन येऊ का.

मी त्याला पहिल्यांदा ऐकलं ते कसबा बावड्यात,
माझ्या स्वयंपाकघरात, कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधे,
आणि खरं सांगते, राग आला.
सव्वीस वर्षं आठवीला समीकरणं शिकवतेय मी
आणि पोरं घरी जाऊन याला विचारतात.

श्रेणिक मगदूमला म्हटलं, किती वेळा बघतोस रे?
"सात-आठ वेळा. मग दादा फोन घिऊन जातोय
शिरोलीला, रातपाळीला."
सगळा बघतोस?
"सगळा न्हाई. चार मिनिटं बारा सेकंदाला थांबतोय.
तितनं मागं. परत तितनं मागं."

तबस्सुम शिकलगारही तिथंच थांबते.
शेवटच्या बाकावरचा विराज नेजदार,
जो माझ्या तासाला खिडकीतल्या घारी मोजतो,
तोही. बरोबर तिथंच.

रात्री मीही तिथं जाऊन उभी राहिले.
डावीकडे अधिक सात होते.
बरोबरच्या चिन्हावरून त्यांनी उडी मारली
आणि पलीकडे उतरले ते वजा होऊनच.
"बाजू बदलली की चिन्ह बदलतं," तो म्हणाला.
माझंच वाक्य, माझ्यापेक्षा गोड आवाजात.

निवडणुकीच्या दिवसांत या वाक्याला वर्गात हशा पिकतो.
हशा पिकला की मला वाटायचं, कळलं.
पस्तीस मिनिटांचा तास. मला कुणी
मागं नेऊ शकत नव्हतं, थांबवू शकत नव्हतं.
मी पुढे जायचे आणि पोरं
त्या बरोबरच्या चिन्हाशी उभीच.

मग शोधत शोधत एक तराजू सापडला, पडद्यावरचा.
बोटानं वजन उचलायचं, बोटानं ठेवायचं.
बारा वाजेपर्यंत खेळत बसले. भाजी झाकायची राहिली.
कुठलंसं पारडं खाली गेलं
आणि मार्केट यार्डातला गुळाचा वास आला.

आण्णा तोलाईला होते.
गुळाचा रवा बारदानासकट पारड्यात,
आणि वजनांच्या पारड्यात ते एक रिकामं बारदान टाकायचे.
नऊ वर्षांची मी. म्हटलं, ते कशाला?
"त्या अंगाला हाय न्हवं? मग ह्या अंगालाबी पायजे."
एवढं बोलून पुढचा रवा.

दुसऱ्या दिवशी माझा फोन वर्गात फिरवला.
रेंज फक्त खिडकीपाशी, म्हणून घारींच्या बाजूला
एक्केचाळीस डोकी गोळा.
श्रेणिकनं डावीकडचे सात उचलले.
पारडं वर उडालं. "आयला, कलंडलं की!"
मग कुणी सांगायच्या आत
उजवीकडचेही सात उचलले.
दांडी हलली, डुलली, थांबली.

तो बराच वेळ बघत राहिला.
"बाई, म्हंजे ते पलीकडं गेलंच न्हाई.
कुटंच न्हाई गेलं. दोन्हीकडनं काढलं आपण."

हो, म्हटलं.
एवढंच म्हटलं. बाकी काही सुचेना.

त्या तराजूचा पत्ता आता बऱ्याच घरांत आहे.
रातपाळीच्या चहाच्या सुट्टीत
सुदर्शन मगदूम, श्रेणिकचा दादा, तो उघडतो म्हणे,
मोल्डिंगची काळी माती लागलेल्या बोटानं सात उचलतो,
आणि बाजूच्या माणसाला दाखवतो.
सुदर्शनही माझाच विद्यार्थी.
गणितात अठ्ठावीस, मग शाळा सुटली.

"दादा इचारत हुता," श्रेणिक जिन्यात म्हणाला,
"बाईंनी आमच्या येळंला हे का न्हाई दावलं?"

मी म्हटलं, सांग त्याला, तेव्हा
तेव्हा मलाच
आणि वरून सातवी ब खाली आली, दणदण,
आम्ही दोघं भिंतीला चिकटून उभे राहिलो.